कर्ज फिटलं, जिल्हा उरला

हैदराबादच्या जामबागेत विवेक वर्धिनी शाळेच्या आसपास दोन अनोळखी मराठी माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मूळचे कुठले?" उत्तर गावाने येत नाही, जिल्ह्याने येतं. "आम्ही बीडचे." "आमचं परभणी." "तसे धाराशिवचे, पण वाडा तुळजापूरला होता." वाडा कधीच विकला गेलेला असतो, जिल्हा मात्र अजून खिशात असतो. गंमत म्हणजे ज्या जिल्ह्यांचं नाव आपण असं छाती काढून सांगतो, ते आखले गेले याच शहरात. मुसीपलीकडे दिवाणाच्या देवडीत कागद रंगले, अलीकडे कोठीच्या रेसिडेन्सीत साहेबाने डोळे वटारले, आणि तिकडे दोन-तीनशे किलोमीटरवर कुणबी बैल सोडत होता तेव्हा त्याला कळलं की आपण आता अमुक जिल्ह्यात आहोत.

त्यातला सगळ्यात नाट्यमय जन्म नळदुर्गाचा, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याचा.

थकबाकीच्या पोटी

निजामाकडे एक फौज होती, हैदराबाद कंटिंजंट नावाची. पगार निजामाने द्यायचा, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांनी सोडायचे. असा व्यवहार घरात कोणी केला तर त्याला वेड्यात काढतील, पण संस्थानात तो वर्षानुवर्षं चालला. पगार थकले, कंपनीने उधारी दिली, उधारीवर व्याज चढलं आणि २१ मे १८५३ रोजी रेसिडेंट कर्नल लो यांनी करारावर निजामाची सही घेतली. वसुलीपोटी वऱ्हाड, रायचूर दोआब आणि नळदुर्गाचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. सावकाराकडे गहाण पडलेला दागिना निदान पेटीत राहतो. इथे सावकाराने त्या मुलखात अधिकारी बसवला, हिशेब मांडले, कारभाराची घडी घातली. नळदुर्ग आधुनिक अर्थाने 'जिल्हा' झाला तो असा, कर्जाच्या पावतीवर.

करारानंतर जेमतेम दहा दिवसांत हैदराबादला नवा दिवाण आला. वय २४. नाव मीर तुराब अली खान, जगाच्या तोंडी सालारजंग. म्हातारे मुत्सद्दी जे निस्तरू शकले नाहीत ते या पोराच्या गळ्यात पडलं. पुढे त्याने ३० वर्षं दिवाणगिरी केली.

दुकानात नोकरीला आलेला साहेब

नळदुर्गावर कारभाराला जो गोरा अधिकारी आला त्याची गोष्ट स्वतंत्र सिनेमाला पुरेल. फिलिप मेडोज टेलर. लिव्हरपूलमध्ये जन्म, पंधराव्या वर्षी मुंबईला एका व्यापाऱ्याच्या पेढीवर नोकरीला पाठवलेला. पोहोचून बघतो तर पेढीच गाळात. मग ओळखीपाळखीने निजामाच्या फौजेत चिकटला. कंपनी सरकारच्या मानाच्या नोकरांपैकी तो कधीच नव्हता, हे त्याला शेवटपर्यंत बोचत राहिलं असावं.

त्याचं सासर आपल्या शेजारचं! बायको मेरी ही विल्यम पामरची मुलगी. पामर म्हणजे रेसिडेन्सीच्या छायेत सावकारी पेढी चालवणारा, बाप इंग्रज सेनापती आणि आई फैज बक्श बेगम असा दोन्ही दुनियांतला माणूस. निजाम सरकारला कर्ज देता देता पामरची पेढी बुडाली, तो घोटाळा लंडनपर्यंत गाजला. म्हणजे सासऱ्याने निजामाला कर्ज दिलं आणि जावयाने निजामाच्या दुसऱ्या कर्जापोटी आलेला जिल्हा सांभाळला. कादंबरीत हे कोणी लिहिलं तर आपण म्हणू, जरा जास्तच जुळवलंय.

कादंबरी म्हटल्यावर आठवलं: टेलर स्वतः कादंबरीकार होता. त्याची ठगांवरची कादंबरी १८३९ साली आली आणि इंग्लंडात तुफान चालली. पण आपल्या कामाची आहे ती 'तारा', १८६३ ची. तिची नायिका तुळजापूरची, शास्त्रीबुवांची बालविधवा मुलगी. काळ शिवाजी महाराजांच्या उमेदीचा आणि विजापूरच्या अफझलखानाचा. नळदुर्गाच्या कारभारात असताना टेलरचा मुक्काम तुळजापुरात असे, भवानीचं देऊळ, घाट, यात्रा हे सारं त्याने डोळ्यांनी पाहिलेलं. जिल्ह्याला पहिला अधिकारीच असा मिळाला की त्याने जमाखर्चाबरोबर तीन खंडांची कादंबरीही काढली. नंतरच्या कलेक्टरांनी इतकं केलं नाही तरी चालेल, पण वार्षिक अहवाल तरी वाचवेल असा लिहावा, एवढीच अपेक्षा आहे.

सत्तावनचं बक्षीस

१८५७ च्या धामधुमीत सालारजंगने हैदराबाद इंग्रजांच्या बाजूला ठेवलं. त्याचं बक्षीस १८६० साली आलं. नळदुर्ग आणि रायचूर दोआब परत, शिवाय ५० लाखांचं कर्ज माफ. वऱ्हाड मात्र इंग्रजांनी सोडलं नाही. कापूस पिकवणारी काळी जमीन कोण सोडतो! सालारजंग वऱ्हाडासाठी मरेपर्यंत भांडला. शेवटी १९०२ साली कर्झनने वर्षाला २५ लाखांवर ते कायमचं भाड्याने लिहून घेतलं. आणि १९३६ साली निजामाच्या थोरल्या मुलाला किताब दिला, 'प्रिन्स ऑफ बेरार'. मुलूख नाही, नुसतं नाव. साडी दुकानातच, हातात फक्त खोका.

तर नळदुर्ग परत आला. येताना सोबत कारभाराची इंग्रजी चौकट घेऊन आला, आणि सालारजंगच्या डोक्यात तोपर्यंत साऱ्या संस्थानाचीच चौकट तयार होत होती.

तालुकदार, पण पगारी

त्याआधी संस्थानात वसुली मक्त्याने चालायची. तालुकदार म्हणजे तालुक्याचा ठेकेदार: सरकारला ठरलेली रक्कम भरायची आणि रयतेकडून जमेल तितकी ओरबाडायची. कित्येक तालुके अरब आणि रोहिले सावकारांकडे गहाण पडलेले. सालारजंगने गहाण सोडवली, मक्ते मोडले आणि १८६५ साली जिल्हाबंदी केली. उर्दू दप्तरात तिचं नाव 'जिलाबंदी'. संस्थानाचे विभाग पाडले, विभागांत जिल्हे, जिल्ह्यांत तालुके, आणि वरपासून खालपर्यंत पगारी नोकर. आज हे फारच साधं वाटतं. तेव्हा ते क्रांतीच्या जवळपास होतं.

हुद्द्यांची मजा बघा. ठेकेदार गेला, पण त्याचं 'तालुकदार' हे नाव सालारजंगने टाकलं नाही, त्यालाच पगार लावला. जिल्ह्याचा प्रमुख अव्वल तालुकदार, त्याच्या हाताखाली दुय्यम आणि सोयम तालुकदार. तिकडे अवधमध्ये तालुकदार म्हणजे हत्ती झुलवणारा बडा जमीनदार, इकडे तालुकदार म्हणजे महिन्याच्या पगाराची वाट बघणारा अधिकारी. विभागावर सुभेदार. पोलीस ठाण्यात अमीन. तालुक्याला तहसीलदार; पुण्या-साताऱ्याकडच्या कुटुंबात लग्न होऊन आलेली सून "मामलेदार कचेरी" म्हणाली की मराठवाड्याकडचे सासरे गालात हसायचे, त्याचं मूळ या दप्तरात आहे.

आता यातली खोच. जिल्हे आखले खरे, पण ते चाळणीसारखे होते. मधेमधे जहागिरी, पायगा सरदारांचे मुलूख आणि निजामाच्या खासगी मालकीचा सर्फ-ए-खास. त्या त्या तुकड्यात त्या त्या मालकाचा कारभार. खुद्द सालारजंगाच्या घराण्याच्या जहागिरीत अजिंठा गाव होतं! ज्याने सरकारी जिल्ह्यांची शिस्त लावली त्याच्याच घरचा मुलूख त्या शिस्तीबाहेर. सुधारकांच्या घरी बहुधा असंच असतं.

तिकडे अमेरिकेत

आपला जिल्हा वरून पडतो. अमेरिकेतली काऊंटी खालून उगवते, निदान तसं सांगितलं जातं. वस्ती वाढली, लोकांनी अर्ज केला, निवडणूक घेतली, कोर्टाची इमारत बांधली, झाली काऊंटी. अशा तिथे तीन हजारांहून जास्त आहेत. पण मुख्यालय कोणत्या गावात यावर जे रणकंदन माजायचं, त्यापुढे आपली तालुका कृती समितीची उपोषणं फिकी.

कॅन्ससमधल्या ग्रे काऊंटीत सिमरॉन आणि इंगल्स या दोन गावांचा झगडा होता. इंगल्सच्या पाठीशी एका चुटकीसरशी सगळे रोग बरे करणाऱ्या पेटंट औषधाचा धनाढ्य मालक. १२ जानेवारी १८८९ ला इंगल्सची बंदूकधारी टोळी सिमरॉनच्या कचेरीत घुसली आणि काऊंटीची दप्तरं गाडीत भरायला लागली, कारण दप्तर जिथे तिथे मुख्यालय. गोळीबार झाला, माणूस मेला. टेक्ससची लव्हिंग काऊंटी त्याहून अजब. १८९३ साली स्थापन झाली, त्यात लबाडी निघाली म्हणून चार वर्षांत मोडली, १९३१ साली पुन्हा स्थापन झाली. २०२० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या होती ६४. हजार-लाख काही राहिलेलं नाही, नुसते चौसष्ट. धाराशिव जिल्ह्यात २०११ साली साडेसोळा लाखांहून जास्त माणसं होती, आणि तो महाराष्ट्रातल्या छोट्या जिल्ह्यांत मोजतात. जामबागेतल्या एखाद्या लग्नाच्या पंगतीत लव्हिंग काऊंटी दोन-तीनदा जेवून जाईल.

गड गेला, तालुकाही गेला

आपल्याकडे मुख्यालय हललं ते एका फर्मानाने, गोळी न झाडता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नळदुर्गाचं मुख्यालय धाराशिवला गेलं आणि जिल्ह्याला नाव मिळालं उस्मानाबाद, उस्मान अली खान यांच्यावरून. यात एक तपशील बहुतेकांच्या नजरेतून निसटतो: उस्मान अली गादीवर आले १९११ साली, आणि १९०८ च्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये 'उस्मानाबाद जिल्हा' छापलेला आहे. म्हणजे राज्याभिषेकाआधीच, साहेबजादे असताना, त्यांच्या नावाचा जिल्हा तयार होता. नामकरणाची ती साथच होती. इंदूरचा निझामाबाद झाला, एलगंदलचा करीमनगर. लिंगसुगूर जिल्हा तर १९०५ साली नकाशावरून पुसलाच गेला. आज तो रायचूर जिल्ह्यातला तालुका आहे.

नळदुर्गाची अवस्था त्याहून वाईट. ज्या गावाच्या नावाने जिल्हा जन्मला, ते आज साधं तालुक्याचं ठिकाणसुद्धा नाही, तुळजापूर तालुक्यात मोडतं. तालुका करा म्हणून मागणी मात्र चालूच असते. सोबतीला किल्ला आहे, बोरी नदी अडवून बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला आदिलशाही पाणीमहाल आहे, आणि पावसाळ्यात त्यावरून कोसळणारे नर-मादी धबधबे आहेत. एवढं वैभव असलेलं गाव सरकारी यादीत 'तुळजापूर तालुका' म्हणून बसतं, हे मला तरी पटत नाही. पण मला विचारतो कोण!

उस्मानाबाद हे नाव शंभर वर्षांहून जास्त टिकलं. २०२३ साली पुन्हा धाराशिव.

जुनेपणाचाच निकाल लावायचा तर मुख्यालय खरं तेरला हवं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासपुस्तकात पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाची पेठ आहे, तिथलं कापड गाड्यांतून भडोच बंदरात जायचं. ते तगर म्हणजे तेर. पुढे याच गावात गोरोबाकाका मडकी घडवत होते. रोमन साम्राज्याला माल पुरवणारं गाव आज धाराशिव तालुक्यात नांदतं आणि कुरकुर करत नाही.

सात हाली, सहा कलदार

नव्या जिल्ह्यात राहायचं म्हणजे वेगळ्या देशात राहण्यासारखं होतं. सोलापूरहून बैलगाडीने हद्द ओलांडली की नाणं बदलायचं. इंग्रजी रुपया कलदार, निजामी रुपया हाली शिक्का, आणि सहा कलदारांना सात हाली. हद्दीवरच्या गावातल्या वाण्याची पोरं साताचा आणि सहाचा पाढा आधी शिकली असणार.

पंचांगही वेगळं. सरकारी दप्तर फसली सनावर चाले: त्यात ५९० मिळवा की साधारण इसवी सन येतो. वर्षाची सुरुवात ऑक्टोबरात, आणि महिने आजूर, दै, बहमन, इस्फंदार असे इराणी. म्हणजे मराठी शेतकरी चैत्रात गुढी उभारायचा, इंग्रजी शाळेत शिकलेला भाऊ जानेवारीत वर्ष मोजायचा, आणि दोघांचा शेतसारा आजूरपासून सुरू होणाऱ्या सनात नोंदला जायचा. दप्तराची भाषा आधी फारसी, १८८० च्या दशकात उर्दू झाली.

गाडी, पॅराशूट आणि लातूर

वाढीचा भाग आला की या जिल्ह्याच्या गोष्टीत मुख्यालय बाजूला पडतं आणि लातूर पुढे येतं. कारण एक छोटी गाडी.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनियरने बार्शी लाईट रेल्वे काढली. रुळांतलं अंतर अवघं अडीच फूट. १८९७ साली ती कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत आली, तिकडे पंढरपूरला गेली, इकडे १९११ साली लातूरला पोहोचली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातलं. गाडी येडशीवरून गेली, जिल्ह्याचं गाव बाजूला राहिलं. शंभरेक वर्षं जिथे कलेक्टर बसत होता तिथे आगगाडी आली ती थेट २००७-०८ च्या सुमारास, रुंद रुळ टाकताना मार्ग वळवला तेव्हा! तोवर लातूरच्या अडत्यांनी अख्खी पेठ उभी केली होती. १९१७ च्या सुमारास गंजगोलाई बांधली गेली: मधे अंबाबाईचं देऊळ, भोवती गोल बाजार, आणि त्याला येऊन मिळणारे १६ रस्ते. कचेरी जिल्हा आखते, पण त्याला पोसतो आडतबाजार, हे लातूरकर तुम्हाला न विचारता सांगतील.

आणि कॅलथ्रॉप? रोल्स-रॉईसमधले रोल्स हे त्याचे मित्र. १९१० साली विमान कोसळून ते गेले. त्या धक्क्यातून कॅलथ्रॉप पॅराशूटच्या मागे लागला आणि 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट त्याने बनवलं. १९१७ साली एका अधिकाऱ्याने ते बांधून लंडनच्या टॉवर ब्रिजवरून थेम्समध्ये उडी मारून दाखवली. बार्शी-लातूरच्या झुकझुक गाडीचा बाप आणि पॅराशूटचा एक बाप, माणूस एकच.

त्याच मार्गाची अजून एक गंमत. मिरजेपासून लातूरपर्यंतची ही छोटी लाईन पुढे मोठी झाली, आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानेने व्याकूळ झालं तेव्हा तिच्यावरूनच मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. गंजातून माल बाहेर न्यायला टाकलेल्या रुळांवरून गावात पाणी आणावं लागलं.

१९८२ च्या ऑगस्टमध्ये लातूर वेगळा जिल्हा झाला. आज त्याची लोकसंख्या मूळ जिल्ह्याहून जास्त आहे.

हैदराबादची वाट

जिल्हा झाला की त्याला वकील लागतात, कारकून लागतात, अपील करायला हायकोर्ट लागतं. ते सगळं इथे. म्हणून मराठवाड्याची माणसं इकडे आली, राहिली, आणि सुलतान बाजार, काचीगुडा, जामबाग या भागात मराठी कानावर पडायला लागली. परभणीकडचे केशवराव कोरटकर वकिली करता करता हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. १९०७ साली विवेक वर्धिनी उभी करणाऱ्यांत ते, वामनराव नाईक आणि वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर होते. कारभार उर्दूत चालणाऱ्या राजधानीत मराठी पोरांची शाळा काढणं म्हणजे नुसतं शिक्षणकार्य नव्हतं, आणि ते सरकारलाही कळत होतं. नरहर कुरुंदकरांसारखा माणूस शिकायला इथेच आला, त्याचे मामा नांदापूरकर उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते म्हणून. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी निजामाच्या नोकरीत शिरले आणि सरकारी कामाच्या फिरतीत गोंडी, कोलामी शिकून त्यांच्यावर पुस्तकं लिहून बसले. टेलरच्या जातीचा अधिकारी म्हणायचा तर हा एक.

माणसं परत गेली, कागद इथेच राहिले. मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायला २०२३ मध्ये नेमलेली शिंदे समिती हैदराबादला येऊन जुनी दप्तरं उलगडत बसली. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने 'हैदराबाद गॅझेटियर'चा आधार मान्य करणारा निर्णय काढला, तेव्हा ज्यांनी आयुष्यात गॅझेटियर पाहिलं नव्हतं तेही चहाच्या टपरीवर त्यावर बोलत होते.

कात्री आणि सुई

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय फौज सोलापूरकडून संस्थानात शिरली. पहिलीच चकमक कुठे? नळदुर्गावर. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागला आणि हैदराबादचा रस्ता मोकळा झाला. चार दिवसांत संस्थान संपलं. ज्याच्या रझाकारांनी उच्छाद मांडला होता तो कासीम रझवी लातुरात वकिली करायचा, म्हणजे याच जिल्ह्यातला.

१९५६ साली भाषेप्रमाणे शिवणकाम झालं. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले (आज ते आठ आहेत). बिदरमधून उदगीर, अहमदपूर, निलंगा मराठवाड्यात आले. किनवट आदिलाबादहून नांदेडला आलं, मुधोळ नांदेडहून आदिलाबादला गेलं. त्यामुळे बासरची सरस्वती आज तेलंगणात आहे आणि तिच्या दर्शनाला नांदेडहून रीघ लागते. राजुऱ्याचा प्रवास सर्वांत धावपळीचा: आदिलाबादमधून १९५६ ला नांदेडात, आणि १९५९ ला चांद्यात. तीन वर्षांत तीन जिल्हे, घर न बदलता.

त्याच राजुऱ्याच्या डोंगराळ पट्ट्यात, आताच्या जिवती तालुक्यात, चौदा गावं अशी आहेत की त्यांच्यावर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघांचाही दावा. लोकांकडे दोन-दोन रेशनकार्डं, दोन-दोन मतदार ओळखपत्रं. एकाच गावात शाळाही दोन सरकारांच्या. निवडणुका जवळ आल्या की दोन्हीकडचे पुढारी रस्त्याचं वचन देऊन जातात.